मुठेकडून मुठेकडे : पुण्याची एक पायी फेरी

जुने पुणे पायी बघायचे म्हटले की बहुतेक जण शनिवारवाड्यापासून निघतात आणि लक्ष्मी रस्त्यावर कुठेतरी थांबतात. त्यात वाडे होतात, देवळे होतात, जमली तर खरेदीही होते. पण ज्या नदीच्या काठी हे गाव वसले ती मुठा त्या फेरीत येतच नाही. माझा आग्रह असा, की निघावे नदीकाठच्या उद्यानातून, एका पुलावरून गावात शिरावे आणि पेठा पालथ्या घालून दुसऱ्या पुलावरून नदीकाठी परत यावे. कसबा, शनिवार, बुधवार, नारायण या पेठा एकमेकींना लागून का आहेत, गावाला पाणी कुठून येई, पूर कुठवर येई, हे सगळे अशा फेरीत आपोआप उलगडत जाते.

वाट गोल आहे, म्हणून गाडी कुठे लावायची आणि परतीला रिक्षा मिळेल का, हे प्रश्न पडत नाहीत. अंतर सहा-सात किलोमीटर. नुसते चालले तर दोन तासांचे काम आहे, पण तसे करू नका. थांबत, बघत, मध्ये बसून खात पाच तास धरा. सुरुवात जंगली महाराज रस्त्यावरच्या छत्रपती संभाजी उद्यानापासून. याच नावाचे मेट्रो स्थानक उद्यानाच्या मागे नदीच्या अंगाला आहे. वनाज किंवा गरवारे महाविद्यालयाकडून येणारी गाडी डेक्कननंतर नदीच्या काठाकाठाने धावते, तेव्हा खिडकीतून पात्र नीट पाहून घ्या. पुढे त्याचा उपयोग होईल.

इथूनच निघा म्हणण्याला कारण आहे. महापालिकेची उद्याने सकाळी लवकर उघडतात आणि दुपारी बंद असतात. तांबट आळीतली हातोडी, तुळशीबागेतली दुकाने यांना मात्र जाग येते नऊ-दहाच्या पुढे. सकाळी सातला शनिवारवाड्यापासून निघालात तर पेठा बंद सापडतात आणि उद्यानाशी पोचेपर्यंत त्याचे फाटक लागलेले असते. म्हणून साडेसहाला उद्यान, आठच्या सुमारास पाताळेश्वर, नऊला शनिवारवाडा आणि दहानंतर पेठा, हा क्रम धरा. उन्हाळ्यात सगळे अर्धा तास आधी.

उद्यान आणि लेणे

संभाजी उद्यानात सकाळी चालणाऱ्यांची रीघ असते. डेरेदार झाडे, बसायला बाक, मुलांना आवडेल असे मत्स्यालय. दिवाळीत आलात तर इथे महापालिकेची किल्ल्यांची स्पर्धा भरते. मातीचे राजगड, प्रतापगड, जंजिरे ओळीने मांडलेले असतात आणि ते करणारी मुले शेजारी उभी राहून बुरूज, माची, चोरवाट समजावून सांगत असतात. या मुलांशी जरूर बोला. एरवी उद्यानाला अर्धा तास पुरे. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी यांची सोय इथेच उरकून घ्या, पेठांत ती सहज मिळत नाही.

शेजारीच बालगंधर्व रंगमंदिर आहे. १९६८ साली ते सुरू झाले आणि त्याच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी मनापासून लक्ष घातले होते. कोणत्या नाटकाचा प्रयोग आहे ते जाता जाता फलकावर वाचून ठेवा, फेरी इथेच संपणार आहे. पुढे जंगली महाराज रस्ता. हा रस्ता १९७६ साली बांधला आणि खड्डा न पडता इतकी वर्षे टिकला, म्हणून पुणेकर त्याचा दाखला आजही देतात. पदपथ रुंद आहे, मुलांना बरोबर घेऊन निर्धास्त चालता येते.

याच रस्त्यावर पाताळेश्वराचे लेणे आहे. रोज हजारो माणसे त्याच्यावरून जातात आणि त्यांना ते दिसत नाही, कारण ते जमिनीच्या खाली आहे. रस्त्यावरून आत शिरले की एक अंगण लागते आणि मग लक्षात येते, की हे अंगण म्हणजे वरून खाली खोदत नेलेला खडक आहे. अंगणाच्या मध्यभागी गोल नंदीमंडप. त्याचे छत्रीसारखे गोल छत आणि खालचे जाड चौकोनी खांब एकाच खडकातून कोरून मोकळे केलेले आहेत, कुठेही सांधा नाही. आतल्या बाजूला खांबांच्या रांगा आणि मागे गाभारे. लेणे राष्ट्रकूट काळातले, आठव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते.

इथे घाई करू नका. डोळे अंधाराला सरावले की भिंतींकडे जवळून पाहा. लेणे पुरे झालेले नाही. काही ठिकाणी पृष्ठभाग घोटून सपाट केला आहे, तर काही ठिकाणी छिन्नीचे तिरपे घाव तसेच आहेत, आणि त्या घावांवरून हात फिरवावासा वाटतो. मोह आवरा, हे संरक्षित स्मारक आहे आणि घामाने दगड खराब होतो. नुसत्या नजरेनेही कळते, की कारागीर कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला सरकत होता. नक्षीने भरलेल्या वेरूळपेक्षा हे अर्धे राहिलेले लेणे खोदकाम कसे चालते ते अधिक उघड करून दाखवते.

राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत 'पुण्य विषय' आणि 'पुनक विषय' असे या प्रदेशाचे उल्लेख आहेत. म्हणजे पेठा वसण्याच्या हजार वर्षे आधी इथे वस्ती होती आणि नदीच्या या तीरावर लेणे कोरण्याइतकी ऐपत आणि कौशल्य होते. 'पेशव्यांचे पुणे' या ठरीव चित्राच्या आधी हे लेणे बघणे म्हणूनच महत्त्वाचे. शेजारी जंगली महाराजांचे समाधिमंदिर आहे. महाराजांनी १८९० मध्ये समाधी घेतली. मंदिराच्या आवारात दहा मिनिटे बसायला हरकत नाही.

नव्या पुलावरून गावात

पाताळेश्वराहून महापालिका भवनाच्या रोखाने चालत या. पुढे छत्रपती शिवाजी पूल लागतो. इंग्रजी अमदानीत, १९२३ साली, तो वाहतुकीला खुला झाला. तेव्हा गव्हर्नर लॉईड यांचे नाव त्याला होते. शंभर वर्षे उलटली तरी जुने लोक त्याला नवा पूलच म्हणतात, आणि पत्ता विचारताना हेच नाव कामाला येते. दगडी कमानींचा हा पूल पायी ओलांडण्यासारखा आहे. मधोमध थांबा आणि दोन्ही बाजूंना पाहा. समोरच्या तीरावर चढ दिसतो, त्या उंचवट्यावर कसबा आहे. एका अंगाला मुठा, दुसऱ्या अंगाला नागझरीचा ओढा, आणि मध्ये पाण्याच्या वर राहील अशी जमीन. गाव इथे का वसले याचे उत्तर पुलाच्या मध्यावर उभे राहून डोळ्यांनी मिळते. खाली उतरत्या अंगाला थोड्याच अंतरावर मुठा मुळेला मिळते.

पाण्याबद्दल लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. वरच्या अंगाला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे आहेत. पावसाळा सोडला तर पात्रात वाहते पाणी फार थोडे असते आणि शहराचे सांडपाणी त्यात मिसळते. वास येतो. तरी ढोकरी, बगळे, शेकाट्या उथळ पाण्यात चरताना दिसतात. नदीची ही अवस्था बघायला नको म्हणून ती फेरीतून वगळू नका. नदी नजरेआड राहिली म्हणूनच तिची ही गत झाली असे मला वाटते.

पूल उतरले की शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० या दिवशी, शनिवारी, थोरल्या बाजीरावाने त्याचा पाया घातला आणि दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ ला, वास्तुशांत झाली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून याच वाड्यात झाला. १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल जळून गेले. त्यामुळे आत गेल्यावर जोती, हौद, कारंजी आणि हिरवळ एवढेच दिसते, आणि 'आत काही नाही' म्हणत पुष्कळ जण पाच मिनिटांत बाहेर पडतात. तिकीट काढून आत जाणार असाल तर तीन गोष्टी ठरवून बघा.

पहिली म्हणजे दिल्ली दरवाजा. त्याच्या दारांवरचे लोखंडी अणकुचीदार खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून आहेत. ते साधारण किती उंचीवर आहेत ते बघितले की हत्तीचे मस्तक डोळ्यांपुढे उभे राहते. दाराच्या पोटातली दिंडी माणसाला वाकूनच ओलांडावी लागते. दुसरी गोष्ट दरवाजावरचा नगारखाना. वर लाकूडकाम अजून शिल्लक आहे आणि जळालेले महाल कसे असतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

तिसरी म्हणजे हजारी कारंजे. सोळा पाकळ्यांच्या कमळाचा हा हौद लहानग्या सवाई माधवरावासाठी बांधला. कारंज्याला पाणी उंचावरून दाबाने यावे लागते आणि मुठा तर वाड्याच्या खालच्या अंगाला. मग पाणी कुठून आले? ते आले कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून घेतला आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शहरात आणले. उतार असा साधला, की कुठलेही यंत्र न लावता पाणी आठ-दहा किलोमीटर आपोआप वाहत येई. हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. पेठांतल्या हौदांना हेच पाणी मिळे. म्हणजे नदीकाठच्या या गावाने पिण्यासाठी नदीवर विसंबणे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच कमी केले. नदी उरली ती स्नानाला, धुण्याला आणि अंत्यविधीला. पुढे १८७९ च्या सुमारास खडकवासल्याला धरण झाले आणि घरोघरी नळ येत गेले. पुण्याने मुठेकडे पाठ फिरवली त्याची सुरुवात मला या कारंज्याशी दिसते.

कसबा आणि तांबट आळी

लाल महाल वाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. शिवाजी महाराजांनी ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शायिस्तेखानावर छापा घातला तो लाल महालात. मूळ वास्तू राहिलेली नाही. आज दिसते ती इमारत महापालिकेने गेल्या शतकाच्या अखेरीस उभारली. मुलांना प्रसंग सांगायला जागा चांगली, वास्तू म्हणून थांबण्याची गरज नाही. तिथून कसबा गणपती. हे पुण्याचे ग्रामदैवत, विसर्जन मिरवणुकीतला पहिल्या मानाचा गणपती. देऊळ मोठे नाही आणि तेच बरे. जिजाबाईंनी ओसाड पडलेले पुणे पुन्हा वसवले त्या काळाशी या देवळाचे नाते सांगितले जाते. लाकडी सभामंडपात जरा टेका.

आता तांबट आळी. पत्ता विचारायला लागेल, पण विचारण्याआधीच आवाज येईल. तांब्याचे कारागीर पेशवाईत कोकणातून येऊन इथे स्थिरावले. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, तपेली, पूजेची भांडी हा त्यांचा जुना माल. आज त्यात दिवे, पाण्याच्या बाटल्या आणि हॉटेलांसाठीची भांडी यांची भर पडली आहे.

एखाद्या दुकानाच्या उंबऱ्याशी उभे राहून काम बघण्याची परवानगी मागा. 'दादा, जरा बघू का?' एवढे पुरते. तांब्याचा पत्रा तापवला की मऊ होतो आणि त्याला आकार देता येतो, पण तशा मऊ भांड्यात वापराचा टिकाऊपणा नसतो. म्हणून शेवटी मठारकाम करतात. भांडे आतून लोखंडी दांड्यावर अडकवायचे आणि बाहेरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकसारखे ठोके घालत भांडे फिरवत न्यायचे. प्रत्येक ठोक्याने धातू थोडा दबतो आणि कडक होतो. भांड्यावर दिसणाऱ्या चकचकीत टिकल्यांच्या रांगा म्हणजे हे ठोके. आपण त्याला नक्षी समजतो, कारागिराच्या लेखी ती मजबुती आहे. रांगा सरळ येण्यासाठी ठोका आणि फिरवणे यांचा ताल चुकून चालत नाही. माणूस बोलत असतो, हात ताल सोडत नाही.

भांडे घ्यायचे असेल तर प्रकाशाकडे तिरपे धरून ठोक्यांच्या रांगा बघा. हाताने मठारलेल्या भांड्यात ठोक्यांत थोडा फरक राहतोच. यंत्राने छाप मारलेल्या भांड्यात सगळ्या टिकल्या तंतोतंत सारख्या येतात. आत कल्हई आहे का तेही विचारा. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्यात ठेवू नयेत हे आजी सांगायची, आणि ते बरोबर आहे. किमतीत फार घासाघीस करू नका. एका घंगाळामागे किती वेळ जातो ते तुम्ही आत्ताच बघितलेले असते.

भिडे वाड्यापासून मंडईपर्यंत

तांबट आळीतून शिवाजी रस्त्यावर या. दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे गर्दी असेलच, दर्शन घ्यायचे तर घ्या. पण त्याच्या समोरच्या बाजूची जागा चुकवू नका. तिथे भिडे वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ती इथे, आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. जीर्ण झालेला वाडा २०२३ च्या डिसेंबरात उतरवण्यात आला आणि ती जागा राष्ट्रीय स्मारकासाठी देण्यात आली. बघायला जुनी वीटही नाही, तरी दोन मिनिटे थांबावे अशी पुण्यातली ही जागा आहे.

मागच्या बोळातून तांबडी जोगेश्वरीला जाऊन या, दुसऱ्या मानाचा गणपती तिथलाच. मग बेलबागेवरून मंडईकडे वळा. बेलबाग म्हणजे नाना फडणवीसांचे विष्णूचे देऊळ. पुस्तकांची आवड असेल तर अप्पा बळवंत चौक इथून जवळ आहे, पण तिथे गेलात तर आजची फेरी तिथेच संपेल. त्याला वेगळा दिवस ठेवा.

मंडई मात्र सावकाश बघा. आधी बाहेरून. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेल्या लांब दगडी पाख्या. १८८६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव रे मार्केट. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. पुढे अर्ध्या शतकाने आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. भिडे वाड्याची जागा आणि ही मंडई यांच्यामध्ये दहा मिनिटांचेही अंतर नाही. मुलींची शाळा काढणारा माणूस नगरपालिकेत बसूनही पुन्हा शाळेसाठीच भांडत होता, हे त्या दहा मिनिटांत पायाखाली येते. म्हणून ही दोन ठिकाणे याच क्रमाने आणि एकाच दिवशी बघा, असे मी सांगेन.

आत शिरलात की मान वर करून छत बघा, मग खाली या. विक्रेते उंच ओट्यांवर मालाच्या पायऱ्या रचून बसलेले असतात, गिऱ्हाईक खाली उभे. वांग्याच्या राशीमागून आजी वरून खाली हात करून पैसे घेते आणि त्याच हाताने मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकते. भाजी घेण्याचा विचार असेल तर पालेभाजी नको, अजून दीड-दोन तास चालायचे आहे. आले, लसूण, लिंबे घ्या. फोटो काढायचा तर आधी विचारा. ही माणसे कामात आहेत.

थकलेल्यांसाठी इथे एक सोय आहे. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. ज्येष्ठांना किंवा लहान मुलांना घेऊन आला असाल तर इथून बसा, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला आणि संभाजी उद्यानाला उतरा. ही गाडी मुठेच्या पात्राखालून जाते, हेही मुलांना सांगा.

तुळशीबागेतून नदीकडे

तुळशीबागेत शिरताना दोन्ही बाजूंच्या दुकानांनी लक्ष वेधून घेतले तरी आतल्या राममंदिरापर्यंत जा. नारो आप्पाजी खिरे म्हणजे तुळशीबागवाले यांनी १७६१ च्या सुमारास ते बांधायला घेतले. बाहेर कानातल्यांपासून पोळपाटापर्यंत सगळ्याची खरेदी चालू असते आणि आतल्या चौकात शांतपणे पोथी वाचणारी माणसे बसलेली असतात. भातुकलीची पितळी भांडी अजून इथे मिळतात. पोटात कावळे ओरडत असतील तर श्रीकृष्ण भुवनची मिसळ इथेच, बोळात आहे. आणखी थोडे चालायची तयारी असेल तर पुढे केसरी वाड्याजवळ प्रभा विश्रांती गृहाचा बटाटेवडा. दोन्हीकडे उशीर केलात तर हाती काही लागत नाही.

विश्रामबागवाडा बाजीराव रस्त्यावर आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधून घेतला. रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, जवळून त्याचा दर्शनी भाग नजरेत मावत नाही. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब, त्यांच्यावरची कमानदार महिरप आणि बाहेर झेपावलेला सज्जा बघा. शनिवारवाड्यात जे जळाले ते कसे दिसत असेल याचा सगळ्यात जवळचा नमुना हाच. १८२१ मध्ये इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा सुरू केली ती याच वाड्यात. १८७९ च्या आगीत वाड्याचा एक भाग गेला.

लक्ष्मी रस्ता ओलांडून नारायण पेठेत शिरा. केसरी वाडा म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांचा जुना वाडा. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये तो घेतला, तोवर 'केसरी' निघून चोवीस वर्षे झाली होती. आत टिळकांच्या वापरातल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. तिथून पत्र्या मारुतीवरून शनिवार पेठेच्या बोळांत घुसा. नकाशा खिशात ठेवा आणि ओंकारेश्वर विचारत चला. इथे अजून काही जुने वाडे आहेत. दाराशी दगडी ओटा, आत अंधारी देवडी, पलीकडे उजेडाचा चौक. बाहेरून बघावे, आत जाऊ नये. लोक राहतात तिथे. रस्ता हळूहळू उतरू लागला की नदी जवळ आली समजा. पावसाचे पाणी ज्या बाजूला पळते तीच नदीची बाजू.

ओंकारेश्वर हे या फेरीतले माझे सगळ्यात आवडते देऊळ. शिवरामभट चित्राव स्वामींच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या मदतीने ते १७३६ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत उभे राहिले. म्हणजे शनिवारवाड्याच्या लगेच नंतरचे. त्यात चिमाजीअप्पांचा मोठा वाटा होता. वसई जिंकून आलेल्या चिमाजीअप्पांची समाधीही याच परिसरात आहे. तट असा जाड आणि बसका, की देऊळ पाण्याशी सामना करायला बांधल्यासारखे वाटते. आणि तो सामना झालाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे नवे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि मुठा पेठांत शिरली. नारायण, शनिवार, कसबा इथली घरे गेली. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला नव्या वसाहती उभ्या कराव्या लागल्या. ओंकारेश्वर त्या पुरात बुडाले आणि तसेच उभे राहिले. तटाबाहेर येऊन नदीच्या पात्राकडे पाहा आणि मग मागे वळून ज्या बोळातून आलात त्याचा चढ बघा. पाणी त्या चढावरून वर गेले होते. हे माहीत असलेला माणूस पूररेषेच्या आत नवे बांधकाम उभे राहताना बघून गप्प बसत नाही.

देवळापासून महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावरून पलीकडे जायचे. अस्पृश्यता निवारणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचे नाव या पुलाला आहे. याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पूल ओलांडताना हे मुलांना सांगावे की नाही, असा विचार आईवडील करतात. सांगावे, असे मला वाटते. पूल संपला की बालगंधर्व रंगमंदिर, आणि तुम्ही निघालात तिथे परत.

दिवस कोणता निवडावा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रविवारी सकाळी वाहतूक कमी, पण तांबट आळीतले काम थोडेच चालू सापडते. म्हणून मी शनिवार सुचवते. गणेशोत्सवात ही फेरी करू नका. त्या दिवसांत याच रस्त्यांवर वेगळे पुणे असते आणि ते बघण्याची रीतही वेगळी. पायात चालायचे बूट हवेत, पण देवळे आठ-दहा लागतात, तेव्हा चटकन काढता-घालता येतील असे. शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता आणि लक्ष्मी रस्ता सिग्नललाच ओलांडा.

पावसाळ्यात फेरी जरूर करा, मुठा भरलेली बघायची ती वेळ. मात्र निघण्याआधी खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी बघा. विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. अशा दिवशी शिवाजी पूल आणि शिंदे पूल यांच्यावरूनच नदी बघा. पात्रात उतरू नका आणि कठड्याशी गर्दी असेल तर मुलांचा हात सोडू नका.